फलक कोणासाठी, रस्ता कोणाचा?



मुंबई-गोवा महामार्गाच्या कहाणीत कासूचे नाव आले ते सीमाखूण म्हणून. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांचे चौपदरीकरण २०११ मध्ये खासगीकरणाच्या मार्गाने सुरू झाले, रखडले, आणि पुढे कामाचे दोन तुकडे पडले : पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. महामार्गाचा जुना क्रमांक १७ जाऊन ६६ आला. काठच्या गावांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षे खड्डे, धूळ आणि तात्पुरती वळणेच आली.

अन्य देशांतील रस्ते पाहिले म्हणजे प्रथम फलक डोळ्यांत भरतात. ब्रिटनमध्ये वर्बॉइज समितीने १९६३ साली फलकांची एकसूत्री पद्धत सुचविली. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने चिन्हांना आंतरराष्ट्रीय रूप दिले. भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे धोका, वर्तुळ म्हणजे आज्ञा, ही भाषा येथेही तीच आहे. मग फरक कोठे पडतो?

फरक आखणीत आहे, आणि आखणीमागील मूल्यांत आहे. हॉलंडमध्ये १९७१ साली तीन हजारांवर माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेंवर मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळ उभी राहिली. पुढे तेथे तत्त्व रुजले की, वेगवान वाहतुकीचा रस्ता आणि वस्तीचा रस्ता एक असता कामा नये. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ठरविले की, माणूस चुकणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी रस्त्याची रचना हवी. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. लोकसंख्येच्या प्रमाणात हा आकडा स्वीडनच्या अनेक पट आहे.

महामार्गाच्या जमाखर्चात मोटारीची वाचलेली मिनिटे नफा म्हणून मांडली जातात. भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला पडणारा वळसा कोणत्या रकान्यात मांडला जातो? ‘सावकाश जा’ हा फलक चालकाला उद्देशून असतो. तिला उद्देशून हवा असतो भुयारी मार्ग, आणि तोही तिच्या पायवाटेच्या तोंडाशी.

म्हणून मागणी केवळ चांगल्या फलकांची नको. आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो ग्रामसभेपुढे मराठीत मांडला जावा. काम चालू असताना वळणावर रात्री दिवे व अडथळे असावेत. आणि पादचाऱ्याची सोय झाल्याखेरीज ठेकेदाराचे देयक चुकते होऊ नये. रस्ता राष्ट्राचा असेल, तर त्याच्या काठी राहणारा माणूसही राष्ट्रातच मोजला गेला पाहिजे.