वेष्टनाची डागडुजी : उतारवय आणि मायलिन
(अमरावती येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



सत्तरी ओलांडलेले एक माळकरी कास्तकार तपासायला आले होते. म्हणाले, "डाक्टर, कापसाच्या गंजीवरून चालल्यावानी वाटते. पायातली चप्पल कवा निसटली, थे मालूमच नाई पडत." तोंड धुताना डोळे मिटले की त्यांचा झोक जायचा. मी ट्यूनिंग फोर्क वाजवून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि विचारलं, काय कळतं? "थंडं लागून रायलं." गारवा कळत होता, थरथर कळत नव्हती.

आजचा सगळा विषय या उत्तरात आहे. गारव्याची बातमी बारीक तंतूंतून जाते, त्यांच्यावर वेष्टन नावापुरतं असतं. थरथरीची बातमी जाड तंतूंतून जाते, त्यांच्यावर चरबीयुक्त पदार्थाचे थरावर थर गुंडाळलेले असतात. हे वेष्टन म्हणजे मायलिन. ते नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर सरकतो, म्हणजे माणसाच्या चालीनं. जाड वेष्टन असेल तर हाच वेग शंभर मीटरपर्यंत जातो. इथून अकोला सुमारे शंभर किलोमीटर. पहिल्या चालीनं निघालात तर एक दिवस आणि वर तीन-चार तास; दुसऱ्या वेगानं गेलात तर पाऊण तासाच्याही आत, सतराव्या मिनिटाला अकोल्यात.

वेष्टन झिजतं, तसं ते दुरुस्तही होतं. कसं, ते वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारांना लगेच कळेल. संत्र्याला डिंक्या लागला की तुम्ही आधी सडलेली साल खरवडता, मग बोर्डो मलम लावता. घाण तशीच ठेवून वर मलम लावलं, तर झाड काही ऐकत नाही. मेंदूतही क्रम असाच आहे. आधी सफाई करणाऱ्या पेशी मोडलेलं मायलिन खाऊन टाकतात. मग राखीव पेशी जखमेपाशी जमतात, वयात येतात आणि उघड्या तंतूंना नवं वेष्टन गुंडाळतात. तशी एक पेशी डझनावारी तंतू सांभाळते. प्रौढ मेंदूत दर शंभर पेशींत पाचेक पेशी अशा राखीव असतात, आणि त्या म्हातारपणीही असतात.

मग अडतं कुठे? एक, सफाई मंदावते. मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर. ते निकालात काढता आलं नाही की सफाई करणाऱ्या पेशींच्या पोटातच त्याचे स्फटिक साचतात. दोन, राखीव पेशी जमतात, पण वयात येत नाहीत. मजूर धुऱ्यावर येऊन बसलेत, वावरात मात्र कोणी उतरत नाही, अशी गत.

दोष मजुरांचा की वावराचा? २०१२ साली केंब्रिज आणि हार्वर्डच्या संशोधकांनी एका म्हाताऱ्या आणि एका तरुण उंदराचा रक्तप्रवाह जोडून पाहिला. तरुण रक्तातल्या पेशींनी म्हाताऱ्याच्या जखमेतला कचरा उपसला आणि म्हाताऱ्याच्याच राखीव पेशी कामाला लागल्या. २०१९ साली केंब्रिजमध्ये दिसलं, की वयानं मेंदूची जमीनच कडक होते. तरुण पेशी कडक थरावर ठेवल्या तर त्या म्हाताऱ्यासारख्या वागतात. म्हाताऱ्या पेशींना तरुण मेंदूत जागा मिळाली की त्या पुन्हा उमेदीनं कामाला लागतात. त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष आला : एक दिवसाआड उपास, किंवा मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी, यांनी म्हाताऱ्या उंदरांमधली दुरुस्ती सुधारली.

हे ऐकून कोणी उद्यापासून एकादश्या वाढवू नयेत. तो उंदीर होता. माणसांत २०१७ साली क्लेमास्टिन या ॲलर्जीच्या जुन्या औषधाची मायलिन झिजलेल्या ५० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश दोनेक मिलिसेकंदांनी लवकर पोचला, एवढंच. वेष्टन माणसातही परत येऊ शकतं, ही त्यातली आशा. पण वेष्टन परत आणणारं औषध म्हणून अजून काही दुकानात मिळत नाही.

मेटफॉर्मिन मात्र इथे बसलेल्या अनेकांच्या खिशात आहे. शुगरची ती गोळी वर्षानुवर्षं घेतली, की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि बी-१२ वाचून मायलिन टिकत नाही. म्हणजे उंदराच्या मेंदूत जी गोळी दुरुस्तीला हात देते, तीच आपल्या शाकाहारी म्हाताऱ्याच्या वेष्टनाचा कच्चा माल तोडू शकते. आधीच आपल्याकडे हा साठा तुटपुंजा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं.

उशीर का करायचा नाही, हे अमरावतीला मी काय सांगावं? डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी इथे १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. कुष्ठरोगाचा जंतू हातापायांच्या नसांवर वेष्टन चढवणाऱ्या पेशींतच घर करतो. आधी बधिरपणा येतो, चुलीचा चटका कळत नाही, आणि बोटं जातात ती नंतर. मेंदूतल्या वेष्टनाच्या पेशी वेगळ्या, पण नियम एकच : वेष्टन आतल्या तंतूला पोसतंही. ते फार काळ गेलं की तंतूच मरतो, आणि मेलेल्या तंतूवर गुंडाळायचं काय?

त्या कास्तकारांची आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू होती. बी-१२ची इंजेक्शनं दिली. तीन महिन्यांत झोक जाणं थांबलं, चप्पल पायात राहू लागली. अंगठ्यावरची थरथर मात्र त्यांना आजही कळत नाही. दोन वर्षं आधी आले असते, तर कदाचित कळली असती.

तेव्हा घरी जाल तेव्हा आजीआजोबांच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडा. मेटफॉर्मिन असेल, तर डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्या. गोळी मनानं बंद करू नका. आणि "चप्पल निसटते" असं कोणी म्हणालं, तर वय झालं म्हणून हसण्यावारी नेऊ नका.