लिस्बन नगरीचे दर्शन
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गतवर्षी चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहण्याचा योग आला. टॅगस नदीच्या मुखाशी टेकड्यांवर वसलेले हे नगर. अरुंद गल्ल्यांतून पिवळ्या ट्राम कुरकुरत चढतात; चौकांतील वर्दळ रात्रीही ओसरत नाही.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सणाच्या सकाळी, भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी हे नगर उद्ध्वस्त केले. मंत्री पोंबाल यांनी सरळ रस्ते आखून मध्यवस्ती नव्याने उभारली. पुढील धक्के सोसावेत म्हणून भिंतींत लाकडी सांगाडे घातले. कार्मो मठाच्या मध्यदालनाला मात्र आजही छप्पर नाही. कमानींतून आकाश दिसते.

बेलेम भागातील जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे. तिच्यापुढे उभा राहिलो आणि मन खजील झाले. तीस वर्षे मी मुलांना शिकविले की, १४९८ साली गामाने हिंदुस्थानचा शोध लावला. वस्तुतः हिंदुस्थान हरवला नव्हता. अरब व्यापारी कित्येक शतके मलबार किनाऱ्यावर येतच होते. गामाला सापडला तो आफ्रिकेस वळसा घालून येणारा जलमार्ग. त्याच मार्गाने आलेली सत्ता गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत राहिली.

माझे काही विद्यार्थी आज समोर बसले आहेत. मास्तरांची ही चूक त्यांनी आपल्या मुलांपुढे तरी दुरुस्त करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.