स्वतंत्र म्हणजे एकाकी नव्हे
(अवसरी खुर्द येथील भाषण)



या गावात २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि संगणकविद्या शेतकऱ्याच्या दारी आली. ती शिकलेल्यांपैकी काही जण नोकरी न धरता स्वतंत्र सल्लागार म्हणून सॉफ्टवेअर लिहितील. त्यांना माझे दोन शब्द.

नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी असतो, उपदान असते, पगारी रजा असते. सल्लागाराला यांतले काहीच नाही. केलेल्या कामाचे पैसेही पुष्कळदा अडकून पडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार ते जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु तक्रार केली तर पुढचे काम जाईल, या भीतीने एकटा माणूस गप्प बसतो. मालकाने स्वतःला ग्राहक म्हणवले, एवढ्याने शोषण संपत नाही.

हमालालाही एक मालक कुठे होता? आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या. तरी १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली, मजुरीबरोबर लेव्ही वसूल होऊ लागली, तीतून निधीची व रजेची तरतूद झाली. हे कोणाच्या कृपेने नव्हे, संघटनेच्या बळावर घडले.

पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी जे मिळवले, ते बुद्धीने राबणाऱ्यांना अशक्य का असावे? म्हणून उद्यम नोंदणी करा, करार लेखी करा. आणि मुख्य म्हणजे, एकत्र या.