नकाशाचे पैसे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी माणसानं घर बांधण्यावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आपल्याकडे फुकट मागितल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी केली, तर कविता आणि घराचा नकाशा शेजारीशेजारीच येतील. ‘लग्नाला चार ओळी लिहून द्या की,’ असं लोक आम्हाला म्हणतात. आर्किटेक्टला म्हणतात, ‘एक नकाशा मारून द्या की.’ या छोट्याशा भाषणासाठीसुद्धा आकाशवाणीनं मला आधी कराराचा कागद पाठवला. विषय, वेळ, मानधन सगळं लिहिलेलं. आणि जन्माची पुंजी घालून घर बांधायला निघालेला माणूस मात्र सगळं तोंडी ठरवतो!

माझी थोरली बहीण, आपा, सांगलीत गावभागात राहते, कृष्णेच्या अंगाला. २००५ चा पूर तिनं तिथंच पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ नंतर तिचं मातीच्या भिंतींचं जुनं घर राहण्यासारखं उरलं नाही. मेहुणे हयात नाहीत. त्यांच्या फंडाचे पैसे आणि थोडं कर्ज मिळून २५ लाखांत नवं घर उभं करायचं होतं. त्यात चूक झाली तर दुसऱ्यांदा पैसे कुठून आणणार?

भाचा साताऱ्याला आला आणि म्हणाला, “मामू, तुमच्या घराचा नकाशा द्या. ठेकेदार म्हणतो, आर्किटेक्टला पैसे कशाला घालता? तुम्ही नाही दिला तर तो काढून देतो, फुकट.”

माझं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. चार फूट खणलं की मुरूम लागतो. सांगलीची नदीकाठची जमीन काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाया उथळ असेल तर वरच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात. तिथं पाया किती खोल न्यायचा, हे खड्डा घेऊन जमीन पाहिल्यावरच कळतं. उलट आम्हा सातारकरांना कोयनेचा विसर पडत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेनं आमच्या जिल्ह्याला कॉलम-बीमची सांधेजोड नीट बघायला शिकवलं. थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो, पण साताऱ्याचा नकाशा सांगलीला होत नाही. मी भाच्याला नकाशा दिला नाही. तो थोडा नाराज झाला.

आता आर्किटेक्ट कोणाला म्हणायचं? गावोगावच्या पाट्यांवर ‘इंजिनिअर, आर्किटेक्ट, वास्तुतज्ज्ञ’ असं सगळं एका ओळीत लिहिलेलं असतं. १९७२ च्या कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ हे नाव दिल्लीच्या आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष. (चार्टर्ड अकाउंटंटशी त्याचा संबंध नाही.) मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, कायद्यानं राखून ठेवलं आहे ते नाव, घराचा आराखडा करण्याचं काम इतरांना बंद नाही. म्हणजे अनुभवी इंजिनिअर तुमचं छोटं घर उत्तम करून देऊ शकेल. त्याला जरूर नेमा, पण इंजिनिअर म्हणून. क्रमांक विचारायला संकोच नको. कवींना अशी नोंदणी नाही, हे आमचं आणि कधीकधी वाचकांचंही नशीब!

आम्ही तिघांना भेटलो. एकानं पहिल्याच भेटीत कॉम्प्युटरवर रंगीत बंगला फिरवून दाखवला. दुसऱ्यानं फोनवरच चौरस फुटाचा दर सांगितला. तिसरी एक तरुण मुलगी. ती स्वतः घरी आली आणि पैशांचं बोलण्याआधी तिनं आपाला विचारलं, “२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?” आपानं भिंतीवरचा डाग दाखवला, दिव्याच्या बटणांच्या वर वीतभर. मग धान्य कुठं ठेवलं होतं, वरच्या माळ्यावर कोण कसं चढलं, गुडघे कधीपासून दुखतात, नमाज कुठं पढता, असं विचारणं चाललं. पुराबद्दल आमच्यापाशी कधी चार वाक्यं न बोललेली आपा त्या दिवशी तासभर बोलत होती.

तरीही आम्ही लगेच होकार दिला नाही. त्या मुलीनं बांधलेली दोन घरं पाहिली. दोन पावसाळे काढलेली, नवीकोरी नव्हेत. मालकांना विचारलं, गळतं का? बोलावलं तर येते का? बजेट किती ठरलं होतं, लागलं किती?

पूररेषेचा नकाशा तिनं आधी तपासला. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आपली जागा आहे, यावर बांधता येतं की नाही, जोतं किती उंच, हे सारं ठरतं. आपाची जागा दोन्ही रेषांच्या मध्ये निघाली. जोतं उंच केलं तर गुडघ्यांचं काय? म्हणून पायऱ्या बुटक्या, रुंद, कठड्यासह. खाली आपाची खोली. तिथल्या भिंतींना छातीपर्यंत फरशी, बटणं उंचावर. मीटर, धान्याची कोठी आणि वेळप्रसंगी चूल मांडता येईल असा ओटा वरच्या मजल्यावर. संडासाची बैठक पश्चिमेकडे तोंड करून नको, हे आमच्या घरातलं पथ्य. तेही मुकाट्यानं सांभाळलं. शेजारच्यांच्या घरी याच जागी वास्तुशास्त्र असतं, एवढाच फरक.

आता पैसे. फी तीन तऱ्हांनी ठरते: खर्चाच्या टक्क्यांवर, चौरस फुटावर किंवा एकरकमी. २५ लाखांवर ५ टक्के धरले तर सव्वा लाख होतात. पण टक्केवारीत एक मेख आहे. साध्या फरशीऐवजी संगमरवर घातला की फीसुद्धा वाढते. छोट्या घराला एकरकमी बरी, असं माझं मत. आपाचा आकडा १ लाखावर ठरला, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी धरून. हे ‘धरून’ कागदावर हवंच. जीएसटी लागू असेल तर १८ टक्के वर येतात, तेही आधीच विचारावं. महापालिकेचं शुल्क वेगळं.

हप्ते असे: नेमणुकीला १० हजार, आराखडा पक्का होऊन परवानगीला गेल्यावर २५, बांधकामाचे तपशीलवार नकाशे मिळाल्यावर २५, पाया, जोतं आणि स्लॅब यांच्या तपासणीला १०-१० आणि शेवटचे १० भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर. तपशीलवार नकाशांच्या आधी दोनदा बदल फुकट, नंतरच्या बदलाला वेगळे पैसे.

नकाशे हातात आल्यावर भाचा म्हणाला, “आता पुढचे ४० हजार कशाला? काम तर झालं.” आपानं ऐकलं नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी आर्किटेक्टबाई आल्या (बहीण तोवर त्या मुलीला बाई म्हणू लागली होती) आणि मधल्या बीममधल्या सळया मोजल्या. नकाशातल्यापेक्षा दोन कमी. ठेकेदार म्हणाला, “ताई, काँक्रीटची गाडी सांगून ठेवलीय.” बाईंनी साइटच्या वहीत लिहिलं, ‘सळया पूर्ण होईपर्यंत काँक्रीट टाकू नये’, आणि सही केली. गाडी एक दिवस पुढे गेली. काँक्रीट पडल्यावर त्या दोन सळया कोणालाच दिसल्या नसत्या, मालकाला तर नाहीच. ठेकेदाराचा नेमलेला माणूस त्या वहीत असं लिहील का? त्या संध्याकाळी भाचा बॅटरी घेऊन एकेक बीम स्वतः मोजत होता.

आणखी एक मागून घ्या. गिलावा करण्याआधी भिंतीतल्या नळांचे आणि वायरींचे फोटो, आणि प्रत्यक्षात जसं झालं तसा शेवटचा नकाशा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो. आपानं शेवटचे १० हजार भोगवटा प्रमाणपत्र आणि तो नकाशा, दोन्ही हातात पडल्यावरच दिले. नकाशांची गुंडाळी तिनं वरच्या मजल्यावर ठेवली आहे.