विनाचालक वाहन, शाळेची वाट आणि पालकांचा विश्वास



रायपुरात सकाळच्या वेळी शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिवळ्या बसगाड्या, ऑटोरिक्षा, व्हॅन आणि सायकली यांची एकच गर्दी होते. मुलाला बसमध्ये बसविताना पालक केवळ वाहनावर विसंबत नाहीत. चालक आणि मदतनीस यांच्यावर विसंबतात. त्यामुळे विनाचालक मोटारीने मुलांना शाळेत पाठविण्याचा प्रश्न जेवढा तंत्रज्ञानाचा, तेवढाच उत्तरदायित्वाचाही आहे.

आपल्याकडे हा विश्वास नियमांनी घडविला आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीतील वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात शालेय बससाठी निर्देश दिले. बसमध्ये पात्र मदतनीस असावा आणि सुरक्षेची खातरजमा करण्यासाठी पालकासही बसमधून प्रवास करता यावा, असे त्यांत नमूद होते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला जबाबदार धरले. त्याच सुधारणेने नवसंशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. विनाचालक वाहनाच्या अपघाताची जबाबदारी कोणाची, हे मात्र कायद्यात स्पष्ट झालेले नाही. चालकांच्या रोजगाराचा मुद्दा मांडून केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे अशा मोटारींना विरोध दर्शविला होता.

अमेरिकेत फिनिक्स येथे वेमो कंपनीने २०२५ मध्ये १४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, पालकांच्या खात्याशी जोडलेली विनाचालक सेवा सुरू केली. त्याच वर्षी थांबलेल्या शालेय बसला ओलांडून जाणाऱ्या याच कंपनीच्या मोटारींची तेथील रस्ता सुरक्षा यंत्रणेने चौकशी आरंभिली. अर्थात, मोटारीतील मुलाइतकाच रस्त्यावरील मुलाचाही विचार करावा लागतो.

छत्तीसगडसाठी हा धडा मोलाचा आहे. सरस्वती सायकल योजनेतून नववीतील पात्र विद्यार्थिनींना सायकली मिळतात. अशी विद्यार्थिनी, मोकाट गुरे आणि उलट दिशेने येणारी दुचाकी एकाच वेळी समोर आली, तर यंत्राने अचूक निर्णय घेतला पाहिजे. वाटेत मूल आजारी पडले, तर त्याच्याकडे पाहणारे माणूसही हवे. मदतनीसाचे हे काम कोण करणार आणि चूक झाल्यास जाब कोण देणार, याची उत्तरे कायद्यात येईपर्यंत पालकांचा संकोच रास्तच मानला पाहिजे.