ईद घरातली



मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, की आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला मशिदीत पंजांसोबत गणपतीही बसतो. २०१८ आणि २०१९ला असा योग आला होता. हे आपण सगळीकडे अभिमानाने सांगतो.

पण ईदला आपल्या घरात काय चालतं? पुरुष नमाज पढून येतात, गळाभेटी होतात. अम्मी, भाभी, फुफी मात्र पहाटेपासून शिरखुर्म्याच्या पातेल्याजवळच. नवे कपडे घालायलाही त्यांना दुपार होते, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसतात. घरातली लहान मुलं हे बघत असतात. तेच शिकतात.

येत्या ईदला पोरांनीही शेवया भाजाव्यात, भांडी घासावीत. मुलगा-मुलगी दोघांना ईदी सारखीच द्या. आणि अम्मीला पहिल्या पंगतीत बसवा.