धुऱ्यावरची भाजी आणि वारुळावरच्या सात्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला आज व्यासपीठावर पुष्कळ मंडळी आहेत. आम्ही ज्या मालाबद्दल बोलणार आहोत, त्याची पट्टी कोणत्याही बाजार समितीत फाटत नाही. मृगाचे चार पाऊस झाले की धुऱ्यावर तरोटा निघतो. पऱ्हाटीच्या तासात कुंजरू, घोळ, केना दिसू लागतो. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन परतते. जुलै-ऑगस्टमध्ये घरातली ज्वारी तळाला गेलेली असते आणि हातातला पैसा बियाण्या-खतात. त्या दोन महिन्यांत कोरडवाहू घराचे कोरड्यास हेच असते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो सरकारने दिला, पण भाकरीबरोबरचा पाला आपल्या बायकांनीच शोधला.

आता शहरातल्या लोकांनाही रानभाजीची गोडी लागली आहे. काटवल तिथे कोणत्याही बागायती भाजीपेक्षा महाग विकते. विकावे, जरूर विकावे. पण ही भाजी आता आपल्या आजीच्या वेळची राहिलेली नाही, हे आधी समजून घेऊ.

आजीच्या वेळी पऱ्हाटीवर फवारा नव्हता. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. ते विष श्वासातून आणि अंगावर उडून गेले. तोच फवारा बोंडाबरोबर तासातल्या घोळीवरही पडतो, त्याचा विचार कोण करतो? घरधनी सकाळी फवारतो, त्याची बायको परवा त्याच तासातली भाजी खुडते, आणि दोघांचे आपसात बोलणेही झालेले नसते. कोणी म्हणेल, धुऊन घेऊ. आंतरप्रवाही औषध पानाच्या रसात शिरते, ते धुऊन निघत नाही. डब्यावर थांबण्याचे दिवस लिहिलेले असतात, ते त्या पिकासाठी. केना-कुंजरूसाठी कोणत्या कंपनीने दिवस मोजले आहेत? म्हणून फवारलेल्या वावरातली आणि त्याला लागून असलेल्या धुऱ्यावरची भाजी त्या हंगामात घ्यायचीच नाही. वाऱ्याच्या दिशेचा शेजाऱ्याचा धुराही त्यातच धरा. तणनाशक मारायचे की नाही, हा ज्याचा त्याचा मजुरीचा हिशेब आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण मारले तर घरात आधी सांगा, आणि धुऱ्यावर काठी रोवून तिला चिंधी बांधा. निंदायला येणाऱ्या मजूर बाईला वाचता येवो न येवो, चिंधी कळते.

दुसरी गोष्ट वनस्पतीच्या वयाची. हे आपल्याला शिकवायला नको. पावसाच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन बैल तडफडतो, आणि तीच ज्वारी पिकली की आपण तिचा कडबा त्याला घालतो. तरोट्याचे उलटे आहे. कोवळा असतानाच खुडायचा. फुलावर आला की सोडून द्यायचा, गाजरगवताला दाबायला तो धुऱ्यावर असलेला बरा. घोळ चांगली, पण ज्याला मुतखडा आहे त्याने हात आखडता घ्यावा. रानातली काकडी, दोडका, दुधी जिभेला कडू लागला तर तिथेच थुंकून टाकावा. तो कडूपणा औषधी नाही, विषाचा आहे. कारल्याशी त्याची गाठ घालू नये.

कंदांच्या बाबतीत एकच नाव सांगतो : कळलावी. कुंपणात चढणारी, पानाचे टोक वेटोळे घालणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे फूल येणारी. तिचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. उन्हाळवाहीत तो वर येतो, तेव्हा वेलही नसतो आणि फूलही नसते. रताळे किंवा रानकंद समजून पोरे तो भाजून खातात. भाजल्याने त्याचे विष मरत नाही. वेल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही कंद चुलीत जाऊ देऊ नका. मोगली एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची बोंडे पोरांना शाळेत जायच्या आधीच ओळखीची करून द्या.

आता सात्या. वारुळावर उगवणाऱ्या, देठाचे मूळ खोल वारुळात गेलेल्या सात्या ओळखणाऱ्या बाया गावात अजून आहेत. त्यांनी हातात घेऊन होय म्हटले तरच शिजवा. शेणखताजवळ, गवतात पांढऱ्या मोठ्या छत्र्या येतात, त्यांतल्या काहींच्या खालच्या पापुद्र्यांना जून झाल्यावर हिरवट झाक येते. त्या खाल्ल्या की दोन-तीन तासांत ओकाऱ्या सुरू. चांदीचे नाणे काळे पडते का पाहा, लसूण टाकून पाहा, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. आसामात एप्रिल २०२२ मध्ये चहाच्या मळ्यांच्या भागातली १३ माणसे रानातल्या अळंब्या खाऊन गेली. सगळ्यांत वाईट जातीच्या अळंबीचे विष सहा-बारा तास गप्प बसते. मग उलट्या-जुलाब होतात, नंतर एखादा दिवस माणसाला बरे वाटते, आणि त्याच दिवशी आत यकृत नासत असते. बरे वाटले म्हणून दवाखान्यातून परत आणलेला माणूस असा हातचा जातो.

तेव्हा शंका आली की मिठाचे पाणी पाजून ओकवत बसू नका. गाडी काढा. उरलेली भाजी, न शिजवलेला पाला किंवा अळंबी आणि ओकारी निरनिराळ्या पिशव्यांत बरोबर घ्या. कधी खाल्ले, किती जणांनी खाल्ले आणि त्या वावरात शेवटचा फवारा कोणता मारला होता, हे डॉक्टरांना सांगा. औषधाचा रिकामा डबा सापडला तर तोही न्या.